एक फूट सोडून

मी एक जुना टेप आहे. टेप म्हटलं की तुमच्या आजोबांना गाणी आठवतील, पण मित्रांनो, मी गाणारा नव्हे, मोजणारा. पिवळ्या डबीत गुंडाळलेली पोलादी पट्टी. ओढली की बाहेर येते, सोडली की सर्रकन आत जाते. माझी लांबी पंचवीस फूट, असं डबीवर छापलेलं आहे. ते आता खरं राहिलेलं नाही. माझा पहिला फूट गेला आणि मी चोवीस फुटांचा उरलो. त्या एका फुटापायी आमच्या घरी जे रामायण घडलं, ते तुम्हाला सांगावं असं बरेच दिवस मनात आहे.

आधी माझ्या जन्माची गोष्ट. तो झाला दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात. मला आठवते ती ताज्या रंगाची ऊब आणि पाठीवर एकामागून एक उमटत गेलेले आकडे. शेवटी एका बाईंनी मला मापाच्या एका जाड दांड्याशेजारी ठेवलं, चष्मा वर करून पाहिलं आणि ‘पास’ असा शिक्का मारला. खरं सांगतो, त्या शिक्क्याने माझ्या डोक्यात हवा गेली. जगात काहीही चुकेल, मी चुकणार नाही, असं मला वाटू लागलं. ती हवा पुढे कशी निघाली ते येईलच.

बोईसरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी चाळीस भावंडांबरोबर खिळ्याला टांगलेला होतो. एके दिवशी नांदेडकडून आलेला एक तरुण फिटर दुकानात शिरला. त्याचं नाव नागोराव. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत तो नुकताच पर्मनंट झाला होता आणि स्वतःचा टेप घ्यायला आला होता. त्याने आम्हा सगळ्यांना एकेक करून बाहेर ओढलं आणि प्रत्येकाने दुकानाचं टेबल मोजून पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला, “अरे भाऊ, टेप घेतोयस का बायको बघतोयस?” नागोराव म्हणाला, “दोन्ही आयुष्यभर राहतात शेठ.” आणि त्याने मला निवडलं.

कंपनीतली माझी वर्षं फार मानाची गेली. नागोरावांच्या खिशाला मी लटकलेला असायचो. पाइप कापायचा असो, मशीनचा पाया धरायचा असो, मोठे साहेबसुद्धा विचारायचे, “नागोरावांचा टेप लावून बघितलं का?” मी सांगेन ते माप शेवटचं. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बरं का. संध्याकाळी नागोराव मला तेलाच्या फडक्याने पुसायचे आणि मगच स्वतः हात धुवायचे.

आता माझ्या अपघाताची गोष्ट. सरावलीतल्या घरी नागोराव, त्यांची बायको नर्मदाबाई आणि मुलगी अर्चना, असे तिघे राहत. अर्चना नऊ वर्षांची असताना एका रविवारी तिला प्रश्न पडला की आईच्या शिलाई मशीनच्या चाकावर चामड्याच्या पट्ट्याऐवजी पोलादी पट्टी फिरेल का. प्रश्न चांगला होता. उत्तर ‘नाही’ असं होतं. ते शोधून काढताना माझा पहिला फूट मोदकाच्या कळ्यांसारखा मुडपला गेला आणि मशीनचा पट्टा तुटला. पोरीने घाबरून मशीन पुन्हा जोडून ठेवलं आणि मला गुपचूप बापाच्या पिशवीत टाकलं.

नागोरावांनी मला सोमवारी कंपनीत बाहेर काढलं. माझ्या घडीत चामड्याची एक चिंधी अडकली होती. ती पाहून ते स्वतःशीच हसले. पत्र्याच्या कात्रीने त्यांनी मला बरोबर बाराव्या इंचावर कापलं आणि टोकाला स्वतःच्या हाताने घडवलेली पितळेची आकडी बसवली. घरी जाऊन सांगितलं, “टेप कंपनीत तुटला.” मशीनचा पट्टा उंदराने कुरतडला, असा निकाल नर्मदाबाईंनी आधीच दिला होता. खरं काय ते अर्चना सोडून फक्त मला आणि नागोरावांना माहीत होतं.

तेव्हापासून माझ्यावर अकरा दिसले की दहा समजायचे. माझ्यात शून्यच नाही, माझी सुरुवातच एकपासून. नागोरावांना त्याची इतकी सवय झाली की त्यांचं डोकं आपोआप एक वजा करायचं. दुसऱ्या कुणी मला हात लावला की ते फक्त एवढंच म्हणायचे, “एक फूट सोडून.” कंपनीत आणि घरात सगळ्यांना त्याचा अर्थ कळायचा. एकदा नर्मदाबाई विसरल्या आणि त्यांनी चार फुटांच्या खिडकीला दुकानातून पाच फूट कापड आणून पडदा शिवला. तो पुढची सहा वर्षं जमिनीकडे लोंबत राहिला. “नवा टेप घ्या,” असं त्या दर दिवाळीला म्हणायच्या. नागोराव म्हणायचे, “बघू.” त्यांच्या घरातून कुठलीच वस्तू बाहेर जात नसे. तुटकी बादली, जुना नळ, बाथरूमचं काढून टाकलेलं दार, सगळं घरामागे भोपळ्याच्या वेलाखाली व्यवस्थित रचलेलं होतं.

नागोराव निवृत्त झाले. त्यांना शाल आणि घड्याळ मिळालं आणि मला ड्रॉवर. तीन वर्षं मी सेफ्टी पिना आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत काढली. मित्रांनो, ज्याचा शब्द एकेकाळी शेवटचा होता त्याला सेफ्टी पिनांच्या गप्पा ऐकत पडावं लागणं फार वाईट.

आणि मग अर्चनाने घरात सांगितलं की ती गॅरेज काढणार आहे.

ती डिझेल मेकॅनिकचं शिकली होती. चार वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये राबली होती. तिथे तिला पार्ट धुवायला द्यायचे आणि इंजिन उघडायची वेळ आली की म्हणायचे, “तू चहा सांगून ये.” असे तिने किती चहा सांगितले असतील त्याला माप नाही. आता तिला घराशेजारच्या मोकळ्या जागेत स्वतःचं गॅरेज हवं होतं. पुढे गाडी उभी राहील, मागे कामाचं टेबल, वर इंजिन उचलायची चेनपुली.

तिला पहिलं काम देणारी बाईही भेटली होती. सातपाटीच्या जमनाकाकी. त्यांची स्वतःची होडी आहे आणि बोईसरच्या बाजारात त्या मासळी विकायला बसतात. एकदा त्यांचा टेम्पो बाजारात बंद पडला तेव्हा अर्चनाने तो दहा मिनिटांत चालू करून दिला होता. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि इंजिनं दुरुस्तीला निघतात. जमनाकाकींनी शब्द दिला, पण एका अटीवर.

“इंजिन तुझ्याकडं आनते पोरी,” त्या म्हणाल्या. “पन उघड्यावर नाय ठेवायचा. गेल्या साली एकाने झाडाखाली ठेवला, तं नोझलच चोरीला गेला. दार पायजे, दाराला कुलूप पायजे. दोन जूनला येईन मी. कुलूप नसंल तं टेम्पो तसाच फिरवीन.”

दोन जून. ही तारीख अर्चनाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहिली. नर्मदाबाईंनी ती पुसली नाही, यावरून घरातलं गांभीर्य तुम्हाला कळेल.

बांधकामाला डोंगरपट्ट्यातून चिंतू मिस्त्री आणि त्यांची बायको मंगळी आली. चिंतू मिस्त्री कमी बोलणारा, हात चांगला. मंगळी घमेलं उचलायची, माल कालवायची आणि नवऱ्याच्या वाटचंही बोलायची. पहिल्याच सकाळी चिंतूने खुंट्या ठोकल्या, दोरी काढली आणि खिशातून टेप काढला तर तो मुका.

“काका, आमचा टेप कालचे दिसाला सिमिटात पडला,” चिंतू म्हणाला. “भाईरच नाय येत.”

ते ऐकताच नागोरावांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. ते घरात गेले, ड्रॉवर उघडला, सेफ्टी पिना बाजूला सारल्या आणि मला बाहेर आणलं. तेलाच्या फडक्याने पुसलं. मला तर वाटलं पुन्हा तोच ‘पास’चा शिक्का बसला.

“हा घ्या,” ते म्हणाले. “तीस वर्षं झाली, अजून एका सुताचा फरक नाही.” तेवढ्यात नर्मदाबाईंनी गॅसवाला आल्याची हाक मारली. नागोराव जाता जाता मागे वळून म्हणाले, “पण एक फूट सोडून हं.”

चिंतूने मागच्या कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान डोलावली. “व्हय काका. सोडू की.”

तो मंगळीला म्हणाला, “मानूस समजदार हाय. भिंतीला भिंत चिकटवीत नाय.” आणि त्याने कंपाउंडपासून बरोबर एक फूट जागा सोडून चुन्याची फक्की मारली.

मी ओरडणार कसा? टेपला तोंड नसतं, नुसती जीभ असते, तीही दुसऱ्याने ओढली तरच बाहेर येते.

पुढे जे झालं ते नीट समजून घ्या, सोपं आहे. खोलीचा कोपरा काटकोनात आणायची मिस्त्री लोकांची एक युक्ती असते. कोपऱ्यापासून एका दोरीवर सहा फूट मोजायचे, दुसऱ्या दोरीवर आठ, आणि या दोन खुणांमधलं तिरकं अंतर दहा भरलं की कोपरा पक्का. चिंतूला ही युक्ती सासऱ्याने शिकवली होती आणि नागोरावांना शाळेने. पण माझ्यावर सहा म्हणजे पाच. आठ म्हणजे सात. दहा म्हणजे नऊ. आणि पाच, सात, नऊ यांचा काटकोन होत नाही. कोपरा जरासा फाकतो, पोटभर जेवल्यावर मांडी सैल करावी तसा. मागचे दोन्ही कोपरे तसेच फाकले.

तुम्ही म्हणाल, नागोरावांच्या लक्षात कसं आलं नाही? ते लक्षात येण्याइतके जवळ त्यांना कुणी ठेवलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चिंतूला प्रत्येक ब्लॉक ठेवताना तीन सूचना दिल्या. दुपारी चिंतूने थापी खाली ठेवून अर्चनाला विचारलं, “ताय, भिंत मी बांधू का काकांनी?” अर्चनाने शेवग्याच्या झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यापुढे विटकरीने रेघ मारली आणि वडिलांना सांगितलं, “बाबा, शटर येईपर्यंत ही रेघ ओलांडायची नाही. माझी शपथ आहे.” चाळीस माणसांच्या खात्यावर हुकूम चालवलेला माणूस, पण पोरीपुढे गपचूप बसला.

खुर्चीतून त्यांना एकच भिंत दिसायची, तीही बाहेरून. ती ओळंब्यात सरळ होती. सगळ्याच भिंती सरळ होत्या. फक्त त्या एकमेकींपासून लांब चालल्या होत्या.

मंगळीला ते सगळ्यात आधी जाणवलं. डोक्यावर घमेलं घेऊन ती दिवसातून शंभर वेळा आतबाहेर करायची. “मांगं अंगाला भिंत लागते,” ती नवऱ्याला म्हणाली. “आनि पुढं आल्यावर बैल बांदावं एवढी जागा. तोंड फाकलंय याचं.”

चिंतूनेही डोळे बारीक करून पाहिलं. त्यालाही शंका आली. तो रेघेपर्यंत गेला. “काका, तोंड जरा फाकल्यासारकं वाटते.”

“सहा-आठ-दहा केलं होतं ना?” नागोरावांनी विचारलं.

“केलं हतं.”

“मग झालं. डोळा चुकतो, गणित चुकत नाही.”

चिंतू परत गेला. मंगळी म्हणाली, “गनिताच्या डोक्यावर घमेलं नसतं.” पण ते तिने खुर्चीपर्यंत पोचू दिलं नाही.

मेच्या अठ्ठावीस तारखेला बोईसरहून शटर आलं. नागोरावांच्या नकाशाप्रमाणे बनवलेलं, बरोबर बारा फूट रुंद, चकचकीत. शटर आलं म्हणजे शपथ संपली. नागोराव खुर्चीतून उठले, शर्ट नीट केला आणि रेघ ओलांडली. शटरवाल्याने आपला टेप काढून तोंड मोजलं. पुन्हा मोजलं. मग तो शटरकडे पाहून हसू दाबत म्हणाला, “चाचा, शटर छोटा नहीं है. आपका गाला बड़ा है. पौने पंद्रह फुट.”

बारा फुटांचं शटर, पावणेपंधरा फुटांचं तोंड. दोन माणसांनी शटर उभं धरलं तर बाजूने नर्मदाबाई चहाचा ट्रे घेऊन सहज आत येऊन गेल्या.

नागोरावांचा पारा चढला. सगळ्यांसमोर, शटरवाल्यासमोर, ते चिंतूला नको ते बोलले. काटकोन येत नाही, मिस्त्री कशाला म्हणवता, असं काहीतरी. चिंतूने बादलीत थापी बुडवली आणि धुवायला लागला. मंगळीने घमेली एकात एक घातली. मित्रांनो, मिस्त्री कामाच्या मध्येच थापी धुवायला लागला की त्याचा अर्थ फार वाईट असतो.

अर्चना दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. पाच दिवस उरले होते. मिस्त्री गेला तर दार नाही, दार नाही तर कुलूप नाही, कुलूप नाही तर जमनाकाकींचा टेम्पो गल्लीतूनच परत फिरणार आणि ती पुन्हा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये चहा सांगायला जाणार. हे तिला दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. मी तिथेच ब्लॉकवर पडलो होतो.

“आण इकडे तो टेप,” नागोराव म्हणाले. त्यांनी मागची भिंत मोजली. माझ्यावर बारा आले.

“बारा हायती ना?” चिंतू मान वर न करता म्हणाला. “नकाशात बाराच हायती.”

“बारा कुठले? अकरा आहेत. मी सांगितलं नव्हतं, एक फूट सोडून?”

“मंग सोडला ना,” चिंतू म्हणाला. आता मात्र तो उठला, मागे गेला आणि कंपाउंड आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत हात घालून दाखवला. “ह्यो बगा. एक फूट. मोजून सोडलाय.”

नागोरावांनी सांदीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याने माझी पितळेची आकडी चाचपली. मला बाहेर ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं. असं सात वेळा झालं. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला त्यांच्या अंगठ्यावरून समजत होतं. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मिस्त्रीचा कोपरा चुकला, एवढंच गावभर झालं असतं. त्या क्षणी मला माझ्या ‘पास’च्या शिक्क्याची फार लाज वाटली, आणि त्यांचीही थोडी भीती वाटली की हा माणूस आता खोटं बोलेल.

“चिंतू मिस्त्री, थापी धुऊ नका,” नागोराव म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “तुमचा कोपरा चुकला नाही. माझा टेप एक फूट तुटका आहे. तुम्हाला मी अर्धंच वाक्य सांगितलं, आणि वरून चारचौघांत बोललो. माझं चुकलं.”

मग अर्चना म्हणाली, “मी लहान असल्यापासून हा असाच आहे. इतक्या वर्षांत नवा का नाही घेतला बाबा?”

“हा तुझ्यामुळे तुटला म्हणून.”

अर्चनाचं तोंड पाहण्यासारखं झालं. अठरा वर्षं तिला वाटत होतं की आपण सुटलो.

“मशीनच्या पट्ट्याची चिंधी अडकली होती यात,” नागोराव म्हणाले. “मी घरी येऊन मशीन बघितलं. नऊ वर्षांच्या पोरीने चाक खोललं होतं आणि परत बसवलं होतं. एकही स्क्रू उरला नव्हता, एकही सैल नव्हता. तेव्हाच मला कळलं की ही पोरगी इंजिनं उघडणार. टेप हातात आला की ते आठवायचं. कसा टाकणार?”

अर्चनाने नाक ओढलं आणि शटरकडे तोंड केलं. ती रडत होती. नागोरावही चष्मा पुसत होते. मला स्वतःला वाटत होतं की माझ्या आतली स्प्रिंग आता निसटणार.

“म्हणजे,” नर्मदाबाई हळूच म्हणाल्या, “माझ्या मशीनचा पट्टा उंदराने तोडला नव्हता?” त्या उंदरावर त्यांनी त्या वेळी तीन पिंजरे लावले होते.

त्यावर सगळ्यात आधी मंगळी हसली. मग चिंतू. मग शटरवाला, त्याला मराठी कळत नसूनही. हसणं ओसरल्यावर मंगळीने घमेली पुन्हा सुटी केली आणि कोपऱ्यातली बांबूची काठी उचलली. शटर एका कडेला उभं करायला लावलं. मोकळ्या बाजूला शटरला आधार म्हणून आता एक लोखंडी खांब लागणार होता, तोही तिथे धरायला लावला. खांब आणि पलीकडची भिंत यांच्यामध्ये जी जागा उरली त्यात तिने बांबू आडवा धरला आणि कोयत्याने तेवढाच तोडला.

“एवढ्यात एक दार बसंल,” ती म्हणाली. “मानसांना यायला. गाडी शटरातून, मानूस दारातून. नवं भेटंल का पाच दिसांत?”

पाच दिवसांत सुताराकडून दार मिळणार नव्हतं. सगळे विचारात पडले. नर्मदाबाई मात्र नवऱ्याकडे पाहत होत्या. “हा माणूस काही टाकत नाही म्हणून मी जन्मभर ओरडले,” त्या म्हणाल्या. “चला, काढा तुमचा खजिना बाहेर.”

सगळी वरात घरामागे गेली. भोपळ्याचा वेल बाजूला केला. खाली बाथरूमचं जुनं दार होतं, चौकटीसकट. निळा रंग, मधोमध गुलाबाचं स्टिकर आणि त्याखाली नर्मदाबाईंच्या अक्षरात ‘पाणी जपून वापरा’. मंगळीने बांबू चौकटीवर आडवा ठेवला. बांबू बोटभर बाहेर आला.

“बोटभर सिमिट लागंल,” ती म्हणाली. “बेस हाय.”

तिच्या बांबूवर एकही आकडा नव्हता. मित्रांनो, माझ्यावर तीनशे इंच छापले होते आणि मी सगळा घोटाळा केला, आणि त्या बिनआकड्याच्या काठीने तो एका झटक्यात निस्तरला. माझी हवा निघाली ती तेव्हा.

त्यानंतर चार दिवस नागोरावांनी स्वतः माल कालवला, मंगळीच्या हाताखाली. “पानी कमी झालं काका,” असं ती म्हणाली की ते निमूट पाणी घालायचे. छपराचे पत्रे जेमतेम पुरले. मागे ते टोपीसारखे दोन-दोन फूट बाहेर आले आणि पुढे दीड इंचावर थांबले. वरून पाहिलं तर गॅरेजचा आकार हुबेहूब सुपासारखा, मागे अरुंद, पुढे पसरट. एक जूनला चिंतूने शटरच्या बाजूचं सिमेंट थापीने शेवटचं सारखं केलं आणि थापी धुतली. या वेळी सगळ्यांना ते पाहून बरं वाटलं.

दोन जूनला सकाळी जमनाकाकींचा टेम्पो आला. मागे ताडपत्रीखाली इंजिन. काकी खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवून गॅरेजकडे पाहत राहिल्या. “ह्या काय, सूप बांधलाय?” मग त्या निळ्या दारापाशी आल्या, त्यावरचं वाचलं आणि सवयीने दारावर टकटक केली. “आत कोनी हाय का?”

“या काकी, मोकळंच आहे,” अर्चना आतून म्हणाली.

काकी आत आल्या. शटर वर-खाली करून पाहिलं. शटरचं कुलूप ओढून पाहिलं. मग निळ्या दाराकडे वळल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाथरूमचंच दार ते, त्याला कडी फक्त आतून. बाहेरून कुलपाला जागाच नाही. कामाच्या गडबडीत हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. चिंतूने नागोरावांकडे पाहिलं, नागोरावांनी नर्मदाबाईंकडे.

“कुलूप पायजे बोलली हती मी,” काकी म्हणाल्या आणि टेम्पोकडे निघाल्या.

“काकी, बाहेर थांबा दोन मिनिटं,” अर्चना म्हणाली. तिने सगळ्यांना बाहेर काढलं. निळ्या दाराची कडी आतून लावली. शटरमधून बाहेर आली, शटर खाली ओढलं आणि त्याला कुलूप घातलं. “आता जा आत.”

काकींनी निळं दार ढकललं. खांदा लावून ढकललं. दार हललं नाही. मग त्यांनी हसून टेम्पोवाल्याला हात केला. “उतरव रं इंजिन.”

चेनपुलीला इंजिन लटकलं आणि अर्चनाने त्याची खालची बैठक मोजायला मला घेतलं. काकींना आकडा सांगण्याआधी ती म्हणाली, “हा टेप एक फूट कमी आहे काकी. दिसतोय त्यातून एक वजा करून सांगते.” नागोराव खुर्चीतून ऐकत होते. खुर्ची अजून रेघेपलीकडेच होती. त्या संध्याकाळी त्यांनी लाल रंग आणि बारीक ब्रश घेतला आणि माझ्या डबीवर, जिथे ‘पंचवीस फूट’ छापलेलं आहे, त्याच्या खाली लिहिलं: ‘एक फूट कमी आहे.’

मी चिडलो होतो, लपवत नाही. सगळ्या जगासमोर आपलं व्यंग लिहून फिरायचं म्हणजे काय? पण जुलैअखेर जमनाकाकींचं इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. काकी सुके बोंबील घेऊन आल्या आणि येताना दोन होडीवाल्यांना बरोबर घेऊन आल्या. आता गॅरेजमध्ये दोन नवे टेप आहेत. ते निळ्या दाराशेजारच्या खिळ्याला लटकतात, मीही त्यांच्या शेजारी. नवीन माणूस येतो, निळ्या दारावर टकटक करतो, आत येऊन चुकून मलाच उचलतो. माझ्या पाठीवरचं वाचतो, हसतो आणि एक वजा करतो. मग माझं माप बरोबर येतं, एका सुताचाही फरक नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी, तुटकी वस्तू असेल तर ती फेकायची घाई करू नका. तिला पुसा, अधूनमधून कामाला लावा, ड्रॉवरमध्ये सेफ्टी पिनांच्या तोंडी देऊ नका. फक्त तिचं काय गेलंय ते तिच्यावर स्पष्ट लिहा. पूर्ण वाक्यात लिहा. आणि तुमचा स्वतःचाही एखादा फूट कधी गेला असेल, प्रत्येकाचा जातो, तर तो दुसऱ्याच्या हातात जाण्याआधी सांगून टाका. नागोरावांना ते सांगायला अठरा वर्षं आणि एक वाकडी खोली लागली. तुम्ही लवकर सांगा.